१२ पैकी ९: लाइकलिहूड काय सांगतं आणि काय सांगत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "मॅक्झिमम लाइकलिहूड, लाइकलिहूड रेशो टेस्ट हे सगळं आम्हाला फ्रिक्वेन्टिस्ट पद्धती म्हणून शिकवलं. पुढच्याच आठवड्यात लाइकलिहूड प्रिन्सिपल आलं आणि सर म्हणाले, फ्रिक्वेन्टिस्ट पद्धती हे तत्त्व मोडतात. लाइकलिहूडवरच उभ्या असलेल्या पद्धती लाइकलिहूडचंच तत्त्व कसं मोडतील? आणि उद्या नोकरीत मी कुणाचं ऐकायचं?"

हा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण पंचवीस वर्षं औषधचाचण्यांची आकडेमोड केल्यावरही मी दर काही महिन्यांनी त्याच्याशी पुन्हा येऊन थांबतो. फ्रिक्वेन्टिस्ट म्हणजे, एखादी पद्धत पुन्हा पुन्हा वापरली तर ती किती वेळा चुकेल, या वारंवारितेवरून तिची पारख करणारे. उत्तर लांब आहे. एकच छोटं उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू, म्हणजे शब्दांत हरवायला होणार नाही. कागद-पेन घेऊन बसा आणि प्रत्येक आकडा स्वतः काढून पाहा.

समजा, एक नवं औषध १२ रुग्णांना दिलं. ९ जणांना गुण आला, ३ जणांना नाही. औषधाचा गुण येण्याची संभाव्यता 'प' मानू. जुन्या उपचाराने निम्म्यांना गुण येतो हे माहीत आहे, म्हणून शून्य गृहीतक, म्हणजे 'नव्या औषधाने फरक पडत नाही' हे गृहीतक, प = ०.५.

लाइकलिहूड म्हणजे काय? हाती आलेली माहिती जागेवर ठेवायची आणि प ला ० ते १ फिरवायचं. प्रत्येक प ला विचारायचं: "तू खरा असतास, तर मला जे दिसलं ते दिसण्याची शक्यता किती होती?" इथे ते उत्तर म्हणजे प चा नववा घात गुणिले (१ − प) चा तिसरा घात. प = ०.७५ ला ही किंमत ०.००११७३ येते, आणि ती सगळ्यांत मोठी. प = ०.५ ला ०.०००२४४. सगळ्यांत मोठ्या किमतीने भागलं की वाचायला सोपं जातं: ०.७५ ला १, ०.६ ला ०.५५, ०.९ ला ०.३३, ०.५ ला ०.२१, ०.४ ला जेमतेम ०.०५. हे पाच बिंदू कागदावर मांडून हाताने वक्र काढा. एका बाजूला कललेली टेकडी दिसेल, डावीकडे लांब उतार, उजवीकडे कडा. तो कल लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या. हा वक्र प ची संभाव्यता सांगत नाही. त्याच्याखालचं क्षेत्रफळ १ नाही, १ भागिले २८६० आहे. लाइकलिहूडची एकेकटी किंमत बोलत नाही, दोन किमतींचं गुणोत्तर बोलतं. "०.७५ हे ०.५ पेक्षा या माहितीला ४.८ पट जुळतं" एवढंच वाक्य त्यातून निघतं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२१ साली 'लाइकलिहूड' हा वेगळा शब्द रूढ केला तो नेमका याचसाठी, की लोकांनी त्याला संभाव्यता समजू नये. मराठीत आपण दोन्हींना 'शक्यता' म्हणून मोकळे होतो आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. म्हणून मी वर्गात आणि अहवालात लाइकलिहूडला लाइकलिहूडच म्हणतो.

आता तुमच्या सरांनी जी खोच सांगितली ती. १२ पैकी ९ हे आकडे दोन वेगळ्या प्रयोगांतून येऊ शकतात. पहिल्यात आधीच ठरलं होतं की १२ रुग्ण घ्यायचे. दुसऱ्यात ठरलं होतं की गुण न आलेला तिसरा रुग्ण सापडेपर्यंत एकेक रुग्ण घेत जायचं, आणि तो नेमका बारावा निघाला. पहिल्या आराखड्यात लाइकलिहूडपुढे २२० हा गुणक येतो, दुसऱ्यात ५५. गुणोत्तर घेतलं की दोन्ही गुणक गळून पडतात. टेकडी तीच, उंचवटा तिथेच, ४.८ पटही तेच.

पण पी-व्हॅल्यू काढा, म्हणजे शून्य गृहीतक खरं असताना इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता. पहिल्या आराखड्यात "९ किंवा जास्त जणांना गुण" याची संभाव्यता २९९ भागिले ४०९६, म्हणजे ०.०७३. दुसऱ्यात "तिसरं अपयश यायला १२ किंवा जास्त रुग्ण लागणं" याची संभाव्यता ६७ भागिले २०४८, म्हणजे ०.०३३. पी-व्हॅल्यू जिच्याखाली आली तर फरक लक्षणीय म्हणायची प्रथा आहे, ती पाच टक्क्यांची रेघ या दोन आकड्यांच्या मधून जाते. रुग्ण तेच, औषध तेच, नोंदवही तीच. एकाचा निष्कर्ष "पुरावा अपुरा", दुसऱ्याचा "फरक लक्षणीय".

फरक आला कुठून? न घडलेल्या गोष्टींतून. पहिल्या बेरजेत १० जणांना, ११ जणांना, बाराही जणांना गुण येण्याच्या शक्यता आहेत. दुसऱ्या बेरजेत तिसरं अपयश तेराव्या, चौदाव्या, पन्नासाव्या रुग्णाला येण्याच्या शक्यता आहेत. यांपैकी काहीच घडलेलं नाही. जे घडू शकलं असतं त्याची पूर्ण यादी म्हणजे नमुना अवकाश, आणि पी-व्हॅल्यू त्या यादीवर अवलंबून असते. हॅरॉल्ड जेफ्रीज यांचा आक्षेप हाच होता: न दिसलेल्या निकालांच्या जोरावर गृहीतक का फेटाळायचं?

लाइकलिहूड प्रिन्सिपल म्हणतं, दोन प्रयोगांची लाइकलिहूड फलनं एकमेकांच्या पटीत असतील तर प बद्दलचा पुरावा दोन्हींत सारखाच. म्हणजे ०.०७३ आणि ०.०३३ असे दोन आकडे काढणं हाच दोष. हे तत्त्व हवेतून आलेलं नाही. ॲलन बर्नबाम यांनी १९६२ साली दाखवलं की दोन साध्या, बहुतेकांना पटणाऱ्या गोष्टी मान्य केल्या तर हे तत्त्व मान्य करावंच लागतं.

पहिली गोष्ट सफिशियन्सी. कोणत्या क्रमांकाच्या रुग्णाला गुण आला, हे कळून प बद्दल नवं काही कळत नाही. १२ पैकी ९ एवढं पुरे. यावर कुणाचं भांडण नाही.

दुसरी कंडिशनॅलिटी, आणि इथे जरा थांबू. डेव्हिड कॉक्स यांनी १९५८ साली दिलेलं उदाहरण मी माझ्या भाषेत सांगतो. तुमच्याकडे दोन तराजू आहेत, एक किराणा दुकानातला आणि एक सोनाराचा. नाणं उडवून ठरवायचं की अंगठी कशावर तोलायची. छापा पडला, अंगठी सोनाराच्या तराजूवर गेली. आता वजनातली चूक सांगताना सोनाराच्या तराजूची चूक सांगायची, की "नाणं उलटं पडलं असतं तर" म्हणून दोन्ही तराजूंची सरासरी? कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, ज्यावर तोललं त्याचीच. पण वारंवारितेचा हिशेब सरसकट, नाण्यासकट मांडला, तर सरासरीवर बेतलेली टेस्ट एकूण पॉवरच्या, म्हणजे खरा फरक पकडण्याच्या ताकदीच्या, मोजमापात सरस ठरू शकते. या उदाहरणाने अनेक फ्रिक्वेन्टिस्टांना खरोखर विचारात पाडलं, आणि योग्य तिथे अट घालून मगच वारंवारिता मोजायची ही शिस्त त्यातून रुजली.

बर्नबाम म्हणाले, या दोन्ही मान्य? मग लाइकलिहूड प्रिन्सिपल मान्य. मायकेल इव्हान्स यांनी २०१३ साली आणि डेबोरा मेयो यांनी २०१४ साली या सिद्धतेवर गंभीर आक्षेप घेतले. इतरांनी तिची बाजू सावरली. वाद चालू आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती बर्नबाम यांची पुढची वाटचाल. १९७० साली 'नेचर'मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की लाइकलिहूडच्या संकल्पनेत एक उणीव आहे. चुकीच्या निष्कर्षाकडे नेणारा भक्कम पुरावा वारंवार हाती येऊ नये, याची हमी ती देत नाही. आयुष्यातला सगळ्यांत गाजलेला निकाल ज्याने दिला, तोच माणूस त्याच्या मर्यादेबद्दल इतकं स्वच्छ लिहितो, याचा मला फार आदर वाटतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. लाइकलिहूडवर उभ्या पद्धती लाइकलिहूडचं तत्त्व कसं मोडतात? फ्रिक्वेन्टिस्ट माणूस लाइकलिहूड वापरतो ते अवजार घडवण्यासाठी. अंदाज कुठून घ्यायचा? टेकडीच्या माथ्यावरून. टेस्ट कशाची करायची? माथा आणि शून्य गृहीतक यांच्या उंचीतल्या फरकाची. नेमन आणि पिअर्सन यांचं १९३३ सालचं लेमा सांगतं की दोन साध्या गृहीतकांमध्ये निवड करायची असेल, तर लाइकलिहूड गुणोत्तराहून जास्त पॉवरची टेस्ट नाही. म्हणजे अवजाराला धार लाइकलिहूडची. पण ते अवजार किती वेळा दगा देईल, हे मोजायची पट्टी नमुना अवकाशाची. तत्त्व मोडलं जातं ते पट्टी लावताना.

आपल्या बारा रुग्णांवर तीन नेहमीच्या टेस्ट लावून बघू. वाल्ड टेस्ट माथ्यावर उभी राहते, माथ्याजवळचा वक्राचा बाक पाहून ०.५ किती लांब आहे ते मोजते. उत्तर ४.००. लाइकलिहूड रेशो टेस्ट दोन उंचींतला फरक लॉगमध्ये घेऊन दुप्पट करते. उत्तर ३.१४. सी. आर. राव यांची १९४८ सालची स्कोअर टेस्ट ०.५ वर उभी राहते आणि तिथला चढ मोजते. उत्तर ३.००. शून्य गृहीतक खरं असेल तर मोठ्या नमुन्यात ही उत्तरं काय-स्क्वेअर नावाच्या वितरणासारखी वागतात, आणि त्याची पाच टक्क्यांची सीमा ३.८४. वाल्ड म्हणते ओलांडली, बाकी दोघी म्हणतात नाही. सॉफ्टवेअर या तिन्ही किमती एकाखाली एक छापतं, आणि विद्यार्थी सोयीची उचलतो. तसं करू नका. वाल्ड टेस्ट टेकडी दोन्हीकडून सारखी आहे असं धरून चालते. आपली टेकडी कललेली आहे, हे वक्र काढलात तेव्हाच दिसलं होतं.

आता हाच हिशेब दुसऱ्या आराखड्यात करा. वाल्डचं उत्तर पुन्हा ४.००. लाइकलिहूड रेशोचं पुन्हा ३.१४. स्कोअर टेस्टचं मात्र ३.०० वरून एकदम ६.०० होतं! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी आकडेमोड तीनदा तपासली होती. कारण असं: लॉग-लाइकलिहूडचा ०.५ जवळचा चढ दोन्हींत १२ च आहे, त्याचा वर्ग १४४. त्याला भागायचं फिशर इन्फर्मेशनने, म्हणजे प बद्दलच्या माहितीच्या मापाने, आणि ते अपेक्षित मूल्य असतं, म्हणजे "प खरोखर ०.५ असता तर सरासरीने किती माहिती मिळाली असती". बारा रुग्ण ठरलेले असतील तर ते ४८. तिसऱ्या अपयशाला थांबायचं असेल, तर प = ०.५ ला सरासरीने सहाच रुग्ण लागतात, म्हणून इन्फर्मेशन २४. १४४ भागिले ४८ म्हणजे ३, भागिले २४ म्हणजे ६. अपेक्षित इन्फर्मेशनच्या जागी प्रत्यक्ष दिसलेलं, म्हणजे लॉग-वक्राचा ०.५ जवळचा खराखुरा बाक घेतला, तर दोन्हींत ४८ आणि दोन्हींत ३.००.

नमुना अवकाश लाइकलिहूडच्या घरात कुठल्या दाराने शिरतो ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. 'अपेक्षित' हा शब्द आला की समजायचं, न घडलेले निकाल हिशेबात आले. एफ्रन आणि हिंक्ली यांनी १९७८ साली मांडलं की अंदाजाची अचूकता सांगताना बहुतेक वेळा प्रत्यक्ष दिसलेलं इन्फर्मेशनच वापरावं. माझाही अनुभव त्याच बाजूचा आहे.

लाइकलिहूड रेशोचे ३.१४ दोन्हीकडे सारखे, म्हणून ती टेस्ट तत्त्व पाळते असं समजू नका. ३.१४ हा आकडा तत्त्व पाळतो. त्याच्याशेजारी ठेवलेले ३.८४ नाही पाळत. सॅम्युएल विल्क्स यांनी १९३८ साली सिद्ध केलं की नमुना मोठा झाला की हे उत्तर काय-स्क्वेअरसारखं वागतं, आणि मोठ्या नमुन्यात दोन्ही आराखड्यांची सीमा तीच येते. बारा रुग्णांत ती तशी येईलच असं नाही.

छोट्या नमुन्याचं काय, हा प्रश्न आला की मला एक प्रसंग आठवतो. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकाता विद्यापीठात तरुण सी. आर. राव वर्गात शिकवत होते. फिशर यांचा मोठ्या नमुन्यांतल्या इन्फर्मेशनच्या सीमेचा निकाल त्यांनी सांगितला. एका विद्यार्थ्याने विचारलं, नमुना मर्यादित असेल तर असाच काही निकाल मिळतो का? राव घरी गेले, रात्रभर बसले, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन वर्गात आले. १९४५ साली छापलेली ती असमानता आज क्रॅमर-राव नावाने जगभर शिकवली जाते. विचारणारा विद्यार्थी म्हणजे वि. म. दांडेकर, पुढे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक झालेले आणि नीळकंठ रथ यांच्यासह भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास लिहिणारे आपले अर्थतज्ज्ञ. वर्गात हात वर करायला संकोच वाटला तर दांडेकरांची आठवण काढा.

दुसरं नाव वसंत शंकर हुजूरबाजार. कोल्हापूरचे, केंब्रिजला त्याच जेफ्रीज यांचे विद्यार्थी, आणि पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक. त्यांनी १९४८ साली दाखवलं की लाइकलिहूडच्या समीकरणाला अनेक उकली असल्या, तरी नेहमीच्या अटी पाळल्या जात असतील, तर नमुना वाढत जाताना खऱ्या किमतीकडे जाणारी उकल एकच उरते आणि ती माथ्यावरच असते. रोजच्या कामात याचा अर्थ असा: सॉफ्टवेअरने एक माथा दिला की लगेच विश्वास ठेवू नका, सुरुवातीची किंमत बदलून पुन्हा चालवा. मिश्र वितरणांच्या मॉडेलांत मी दोन-दोन, तीन-तीन माथे पाहिलेत.

आता लाइकलिहूड आणि वारंवारिता एकत्र काम करतात तेव्हा काय मिळतं ते पाहा. ३.८४ चं निम्मं १.९२. माथ्यापासून लॉगमध्ये १.९२ खाली आलं की सापेक्ष लाइकलिहूड ०.१४७ वर येतं. त्या उंचीवर टेकडीला आडवी रेघ मारा, ती ०.४७ आणि ०.९३ ला टेकडी छेदते. हा लाइकलिहूडचा इंटरव्हल, आणि विल्क्स यांच्या निकालाने हाच जवळपास ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे प्रयोग पुन्हा पुन्हा केला तर साधारण ९५ टक्के वेळा खऱ्या प ला पकडणारा. वाल्डच्या पद्धतीने तो ०.५०५ ते ०.९९५ येतो.

कोणता बरा? लाइकलिहूडवर श्रद्धा ठेवून नाही, मोजून ठरवू. खरा प ०.७५ आहे असं धरा आणि बारा-बारा रुग्णांचे प्रयोग पुन्हा पुन्हा होत आहेत अशी कल्पना करा. वाल्डचा इंटरव्हल खऱ्या प ला पकडतो तो ६ ते १० जणांना गुण आला तरच, म्हणजे ८२.७ टक्के वेळा. लाइकलिहूडचा इंटरव्हल ६ ते ११ ला पकडतो, ९५.४ टक्के वेळा. दोघांच्याही कपाळावर '९५ टक्के' लिहिलेलं, आणि एकाचं वचन बारा टक्क्यांनी खोटं! हा फरक वारंवारितेच्या पट्टीशिवाय कळलाच नसता, आणि बरा इंटरव्हल लाइकलिहूडशिवाय सापडला नसता. प च्या इतर किमतींना हे आकडे बदलतात, दुसऱ्या आराखड्यात तर ते नव्याने काढावे लागतात. म्हणून प्रत्येक नव्या मॉडेलात मी हा हिशेब सिम्युलेशनने, म्हणजे संगणकावर काल्पनिक प्रयोग पुन्हा पुन्हा चालवून, करून घेतो. अर्ध्या तासाचं काम आहे.

लाइकलिहूड एकटं पडतं तेव्हा कसं फसतं, तेही पाहून ठेवा. नेमन आणि स्कॉट यांचं १९४८ सालचं उदाहरण. प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब दोनदा मोजलात. प्रत्येकाची खरी पातळी वेगळी, पण यंत्राची चूक सगळ्यांना सारखी. त्या चुकीचा व्हेरियन्स, म्हणजे तिच्या पसरटपणाचं माप, हवा आहे. सगळे प्राचल, म्हणजे मॉडेलातल्या अज्ञात किमती, एकदम घालून माथा काढलात, तर उत्तर खऱ्या व्हेरियन्सच्या निम्म्याकडे जातं. हजार रुग्ण घ्या, लाख घ्या, निम्म्यापाशीच अडकतं, कारण दर नव्या रुग्णासोबत एक नवं अज्ञात प्राचल येतं. दोन मोजण्यांतला फरक तेवढा घेऊन लाइकलिहूड मांडलं, की रुग्णाची पातळी वजा होऊन जाते आणि उत्तर बरोबर येतं. नको असलेले प्राचल कंडिशनल किंवा मार्जिनल लाइकलिहूडने बाहेर काढणं हा आमच्या धंद्यातला मोठा भाग आहे. मिक्स्ड मॉडेलमध्ये 'रेमल' (रिस्ट्रिक्टेड मॅक्झिमम लाइकलिहूड) वापरतात ते याच कुळातलं.

राहिला तो थांबण्याचा नियम. सगळ्यांत जास्त भांडणं यावरच होतात, आणि माझं मत इथेच पक्कं झालं.

औषधात काहीच फरक नाही असं धरा. दर काही रुग्णांनंतर निकाल पाहायचा, पी-व्हॅल्यू ०.०५ खाली आली की थांबून निकाल जाहीर करायचा. एकदाच पाहिलंत तर चुकण्याची संभाव्यता ५ टक्के. समान अंतराने पाच वेळा पाहिलंत तर १४ टक्के. दहा वेळा, १९ टक्के. आर्मिटेज आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली हे आकडे काढले. लाइकलिहूड प्रिन्सिपल म्हणतं, शेवटची टेकडी बघा, किती वेळा डोकावलात ते विसरा. माझ्यापुढे रुग्ण आहेत, मी ते विसरू शकत नाही.

एका चाचणीत माझ्याकडे माहिती शेवटी आली. विचारलं तेव्हा कळलं की मंडळी दर आठवड्याला आकडे पाहत होती, आणि एका आठवड्यात ते चांगले दिसले म्हणून भरती बंद केली. किती वेळा पाहिलं याची नोंद नव्हती. मी लाइकलिहूड वक्र काढून देऊ शकलो. पी-व्हॅल्यू देऊ शकलो नाही, कारण नमुना अवकाश कोणता हेच कुणी सांगू शकत नव्हतं. दोन वर्षांची मेहनत होती, आणि रुग्णांनी विश्वासाने हात पुढे केले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लाइकलिहूडच्या बाजूनेही न्यायाने बोललं पाहिजे. दोन ठरावीक गृहीतकं असतील, समजा प = ०.५ आणि प = ०.७५, तर शून्य गृहीतक खरं असताना विरुद्ध गृहीतकाच्या बाजूने गुणोत्तर कधीही २० पटींवर जाण्याची संभाव्यता २० त १ पेक्षा जास्त नसते, कितीही वेळा डोकावा. के पटींसाठी के त १. ही फार सुंदर हमी आहे, आणि ती वारंवारितेच्या भाषेतली आहे. मात्र ०.७५ ही किंमत आधी ठरलेली हवी. दर वेळी माथा जिथे सरकेल तिथे विरुद्ध गृहीतक हलवलंत, जसं आपण ४.८ काढताना केलं, तर हमी संपली. पुरेसा वेळ डोकावत राहिलात तर गुणोत्तर कुठलीही रेघ कधी ना कधी ओलांडतंच.

म्हणून नोकरीत कुणाचं ऐकायचं? प्रश्न काय आहे ते आधी विचारा. "या बारा रुग्णांनी प बद्दल काय सांगितलं?" असा प्रश्न असेल तर टेकडी दाखवा, पूर्ण दाखवा, माथा आणि रुंदीसकट. तिथे डोक्यात कुणी काय ठरवलं होतं याला स्थान नाही. "हा नियम लावून आपण औषधं बाजारात सोडली, तर किती वेळा फसू?" असा प्रश्न असेल, तर आराखडा, थांबण्याचा नियम, किती वेळा पाहिलं हे सगळं उत्तराचाच भाग आहे. मान्यता देणाऱ्या यंत्रणेचा प्रश्न दुसरा असतो, आणि तो रास्त आहे. मध्येच पाहायचं असेल तर पाहा, पण किंमत मोजून: पोकॉक यांच्या १९७७ च्या पद्धतीत पाच वेळा पाहायचं तर दर वेळची सीमा ०.०५ ऐवजी साधारण ०.०१६.

आपल्या १२ पैकी ९ वर मी अहवालात असं लिहीन: "गुण येण्याच्या प्रमाणाचा अंदाज ०.७५, लाइकलिहूडवर आधारित ९५ टक्के इंटरव्हल ०.४७ ते ०.९३. माथ्याच्या तुलनेत ०.५ चं लाइकलिहूड ०.२१. रुग्णसंख्या १२ आधी ठरली होती, मध्ये निकाल पाहिले नाहीत. एकतर्फी अचूक पी-व्हॅल्यू ०.०७३." आणि शेजारी वक्राचं चित्र. थांबण्याचा नियम तिसऱ्या अपयशाचा असता, तर पहिल्या दोन वाक्यांतले आकडे तेच राहिले असते, फक्त त्या इंटरव्हलला ९५ टक्के म्हणण्याआधी मी नव्याने सिम्युलेशन केलं असतं. शेवटची दोन वाक्यं मात्र बदलली असती. कुठला आकडा कशावर टेकलाय हे वाचणाऱ्याला तिथेच दिसतं.

आणि ते तिसरं वाक्य लिहिता यावं म्हणून एक सवय आत्ताच लावून घ्या. पहिला रुग्ण भरती होण्याआधी चाचणीची नोंदणी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, झालेली असते. तिथे आणि प्रोटोकॉलमध्ये रुग्णसंख्या किती आणि मधली तपासणी केव्हा ते तारखेसकट लिहिलंय का, ते स्वतः उघडून पाहा. नसेल तर भरती सुरू व्हायच्या आत लिहून घ्या.